फळीची कड काळी का पडते?

घरच्या फडताळाला स्टेन लावला की फळीचा पृष्ठभाग हवा तसा तांबूस होतो, आडव्या कापाची कड मात्र जवळजवळ काळी दिसते. दोष स्टेनचा नसतो. मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या खोडात उभ्या असतात. लाकूड आडवे कापले की त्यांची तोंडे उघडी पडतात आणि केशाकर्षणाने स्टेन खोलवर ओढला जातो. शाईचा एक थेंब फळीवर व एक कडेवर टाकून वर्गातही हे दाखवता येईल.

म्हणून कड अधिक बारीक पॉलिश पेपरने घासावी, किंवा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचा पातळ हात आधी द्यावा. छटा डब्यावरच्या चित्रावरून निवडू नये. सागवान मुळातच पिवळसर तपकिरी असते. त्याच लाकडाच्या तुकड्यावर लावून, वाळल्यावर पाहावी.

जास्तीचा स्टेन लगेच पुसावा. स्टेन जवसाच्या तेलातला असेल, तर पुसलेल्या चिंधीचा बोळा करून टाकू नये. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते व त्यात उष्णता निर्माण होते. बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. चिंधी उघड्यावर पसरून वाळवावी किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावी.