प्रदर्शनांतील दुकान आणि जागेची निवड

दिवाळी सरून थंडीचे दिवस आले, कीं आपल्याकडे प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. कोल्हापुरांत मेरी वेदर मैदानावर भरणारें भीमा कृषि प्रदर्शन, पुण्याची भीमथडी जत्रा, मोशीचें किसान प्रदर्शन, मुंबईचें महालक्ष्मी सरस, हीं नांवें आतां घरोघर परिचित झालीं आहेत. पूर्वीं प्रदर्शन ही केवळ पाहावयास जाण्याची गोष्ट होती. आतां ज्या घरांत भाजणी, मेतकूट, मसाले, पापड असे जिन्नस उत्तम होतात, त्या घरांस तेथें स्टॉल मांडून बसण्याचीहि इच्छा होऊं लागली आहे. ही इच्छा स्तुत्य होय. परंतु माल कसा करावा याचा विचार चार महिने करणारीं मंडळी, बसावें कोठें याचा विचार अर्ज भरतांना पांच मिनिटांत उरकतात, असें आम्हांस वारंवार दिसून आलें आहे. सबब या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

जागेचें महत्त्व आम्हां शाहूपुरीकरांस तरी दूरच्या उदाहरणांनीं पटविण्याचें कारण नाहीं. मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली ती १८९१ सालीं. आणि १८९५ सालीं छत्रपति शाहू महाराजांनीं स्टेशनाच्या बाजूस ही पेठ वसविली, ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठीं. गूळ हा जड माल. तो गाड्यांतून उतरवावयाचा, तोलावयाचा आणि पुन्हां आगगाडींत चढवावयाचा. असा व्यापार जुन्या गांवाच्या अरुंद बोळांत मांडला असता तर हमाली आणि वेळ यांतच नफ्याचा मोठा वांटा खर्ची पडला असता. माल पाहून जागा ठरविली, हेंच त्या योजनेंतील मर्म. पुढें गुळाचा घाऊक बाजार मार्केट यार्डांत गेला, त्याचेंहि कारण हेंच: व्यापार वाढला, तशी जागा बदलली.

हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत दुर्गनिवेशाचें एक प्रकरण आहे. नगरांत कोणत्या दिशेस कोणीं बसावें तें त्यांत नेमून दिलें आहे. सुगंधी द्रव्यें व माळा विकणारे पूर्वेस. शिजविलेलें अन्न, मद्य व मांस विकणारे दक्षिणेस. लोंकर, सूत, वेळू आणि चामडें यांचीं कामें करणारे पश्चिमेस. अत्तराच्या दुकानाशेजारीं मांसाचें दुकान नसावें, एवढा व्यवहार तरी त्यांतून सहज निघतो. आजचा प्रदर्शनाचा नकाशा हें त्या नगररचनेचेंच चार दिवसांचें लहान रूप समजावें.

आणि जागा चुकली तर रत्नाचीहि काय गत होते तें पाहावयाचें असेल, तर १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनाकडे पाहावें. कांचेच्या त्या प्रचंड महालांत साठ लक्षांहून अधिक लोक येऊन गेले. तेथें हिंदुस्थानांतून नेलेला कोहिनूर हिरा सोनेरी पिंजऱ्यांत ठेविला होता. लोक मोठ्या आशेनें येत आणि हिरमुसले होऊन परत जात. कारण दिवसाच्या मोकळ्या उजेडांत तो चमकेचना. शेवटीं त्याच्याभोंवतीं पडदे लावून आंत गॅसचे दिवे ठेवावे लागले. हिऱ्याचे पैलू जुन्या पद्धतीचे होते हें एक कारण होतेंच. पण पैलू चार दिवसांत बदलतां येत नव्हते, उजेड बदलतां येत होता. कोहिनुराची ही कथा, तर आपल्या मेतकुटाची काय?

आमच्या पेठेंतील एका एकत्र कुटुंबांत दोघी जावा मेतकूट आणि कांदा-लसणाची चटणी फार चांगली करतात. एके वर्षीं त्यांनीं परगांवच्या एका प्रदर्शनांत सर्वांत कमी भाड्याचा स्टॉल घेतला. तो व्यासपीठाच्या मागच्या बाजूस निघाला. संध्याकाळीं ऐन गर्दीच्या वेळीं करमणुकीचे कार्यक्रम सुरू होत. सारे लोक त्यांच्याकडे पाठ करून उभे राहत, आणि ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटांत गिऱ्हाइकाचा प्रश्नहि ऐकूं येत नसे. निम्म्याहून अधिक माल परत आला. घरांत वडील मंडळींनीं निकाल दिला, कीं घरांतल्या घरांत नांवाजलेली चव बाजारांत चालत नाहीं. आतां हा नाद पुरे. त्यांपैकीं धाकटीनें मात्र नम्रपणें एवढेंच विचारलें, "मामंजी, चव घेतली किती जणांनीं, तें तरी आधीं मोजूं या ना?" हिशेब केला तेव्हां दिसलें, कीं थांबून चव पाहणारे फार थोडे होते, परंतु ज्यांनीं चव घेतली त्यांतील बहुतेकांनीं पुडी विकत घेतली होती. म्हणजे दोष चटणींत नव्हता. पुढील वर्षीं सासऱ्यांनीं स्वतः नकाशा पुढें घेऊन दोन वाटांच्या कोपऱ्यावरचा, तांदूळ विकणाऱ्या शेतकऱ्यांसमोरचा स्टॉल निवडला. तांदूळ घेणारास मेतकूट आठवावें हें ओघानेंच आलें. त्या वर्षीं शेवटच्या दिवशीं दुपारींच माल संपला.

आमचा जन्म शाळेंत गेला. शेवटच्या बांकावर बसणाऱ्या, दृष्टि मंद असलेल्या मुलास फळा दिसत नाहीं, आणि वर्गांत तो 'ढ' ठरतो, हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. त्याला पुढें बसविलें कीं तोच मुलगा उत्तरें देऊं लागतो. जागेचा दोष माणसाच्या माथीं मारला जाऊं नये, यासाठींच जागेचा विचार आधीं करावयाचा.

तो कसा करावा? प्रथम आयोजकांकडून नकाशा मागून घ्यावा व प्रवेशद्वार, बाहेर पडण्याची वाट, व्यासपीठ, खाद्यपदार्थांचा विभाग आणि स्वच्छतागृहें यांवर खुणा कराव्या. प्रवेशद्वाराच्या अगदीं तोंडाशीं असलेली जागा मोहक दिसते. पण आंत शिरणारा मनुष्य सर्व पाहण्याच्या घाईंत असतो, तो पहिल्या दोनचार दुकानांवरून पुढें सरकतो. तेथून थोडें आंत, जेथें त्याचें पाऊल मंदावतें, ती जागा बरी. जड माल, म्हणजे तांदूळ, गूळ, काकवी, बाहेर पडण्याच्या वाटेजवळ शोभतो. कारण पांच किलोंचें ओझें घेऊन सगळें प्रदर्शन हिंडावयास कोणी तयार नसतो. भज्यांच्या कढईशेजारीं कापड मांडूं नये. धूर आणि तेलकट हात दोन्ही घातक.

कोपऱ्याच्या स्टॉलचें भाडें अधिक कां, तेंहि समजून घ्यावें. सामान्यतः स्टॉल तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद असतो. रांगेच्या मध्यें असल्यास त्याची एकच बाजू उघडी, म्हणजे दर्शनी भाग तीन मीटरांचा. कोपऱ्यावर दोन बाजू उघड्या, म्हणजे सहा मीटर. क्षेत्र तेंच, दर्शन दुप्पट.

पण दुप्पट दर्शन आपणांस परवडतें का? समजा, चार दिवसांचें भाडें १२,००० रुपये आणि एका पुडीमागें नफा ४० रुपये. तर भाडें निघण्यासच ३०० पुड्या, म्हणजे रोज ७५ खपावयास हव्या. कोपऱ्याचें भाडें १६,००० असेल, तर ४०० पुड्या लागतील. दहा तासांच्या दिवसांत रोजच्या पंचवीस पुड्या अधिक, म्हणजे तासास दोनतीन. एवढीं गिऱ्हाइकें कोपरा अधिक आणील असें वाटत असेल तर तो घ्यावा, नाहीं तर मोह आवरावा. प्रवास, मुक्काम आणि श्रम हे मात्र दोन्हीकडे सारखेच पडतात, हें विसरूं नये. भाड्यावर कर किती, वीज व टेबल धरून भाडें आहे कीं वेगळें, हेंहि आधींच विचारावें.

शेजाऱ्यांविषयीं एक गैरसमज दृढ आहे, कीं आपल्याच मालाचें दुसरें दुकान जवळ नसावें. आमच्या शाहूपुरींतील कुंभार गल्लींत घरोघर गणपतीच्या मूर्ति होतात. सर्व एकत्र आहेत म्हणूनच गणपति ठरवावयास लोक तेथें येतात. गुजरींतील सराफ आणि चप्पल लाईनींतील चपलांचीं दुकानें यांचीहि गोष्ट तीच. समव्यवसायी शेजारी गिऱ्हाईक आणतो. तें आपल्याकडे वळविणें हें आपल्या मालाचें काम. भ्यावयाचें तें मोठ्या आवाजास, उग्र वासास आणि आपल्या दुकानाचें तोंड झांकून टाकणाऱ्या उंच कमानीस.

उघड्या मैदानावर प्रदर्शन असेल तर शक्य झाल्यास ती जागा आधीं डोळ्यांनीं पाहून यावी. दुपारचें ऊन कोठून येतें? पश्चिमेस तोंड असलेल्या स्टॉलांत तुपाचे लाडू ठेवणें इष्ट नाहीं. जमीन सखल असेल तर अवकाळी पावसाचें पाणी तेथेंच सांचेल. जवळपास दुसरें एखादें प्रदर्शन चालू असेल, तर एका संध्याकाळीं तेथें जाऊन कोणत्या वाटेनें दहा मिनिटांत किती माणसें जातात तें मोजावें; अर्ध्या तासांत जें ज्ञान मिळतें तें दहा जणांच्या सल्ल्यानें मिळत नाहीं. शेवटीं स्टॉलचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा, व नकाशा बदलल्यास काय करावयाचें तेंहि आधींच लेखी ठरवावें.

घरांतील वडील मंडळींस आमची एक विनंति आहे. सून किंवा मुलगी प्रदर्शनांत जावयाचें म्हणेल, तेव्हां "किती खपेल?" असा प्रश्न तिला विचारण्यापूर्वीं नकाशा मागवून तिच्याबरोबर तासभर बसावें. चव तिची, हात तिचे. पण हिशेब आणि पारख यांत वडिलांचा वयपरत्वें आलेला अनुभव उपयोगी पडावयाचा असेल, तर तो याच ठिकाणीं.