मागेल त्याला काम

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचं बी सांगली जिल्ह्यात पडलं. 1969 साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात वि. स. पागे यांनी प्रयोग सुरू केला: हात पुढे करील त्याला काम द्यायचं. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते आणि याच मुलखातले होते. दुष्काळ त्यांना कागदावरून कळलेला नव्हता.

जगात तोवर कल्याणकारी राज्याच्या दुसऱ्या वाटा मळलेल्या होत्या. जर्मनीत बिस्मार्कने 1883 मध्ये कामगारांसाठी आजारविमा आणला. ब्रिटनने 1942 च्या बेव्हरिज अहवालानंतर बेकारी, आजारपण आणि म्हातारपण विम्याखाली घेतलं. पण विम्याला हप्ता लागतो आणि हप्ता पगारातून कापला जातो. जत-आटपाडीच्या, माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातल्या शेतमजुराला पगार कुठला? पावसाने पाठ फिरवली की मजुरीच बंद. म्हणून पाग्यांनी बेकारी भत्त्याआधी काम ठेवलं. ही दृष्टी मला मोठी वाटते.

मग 1972 चा दुष्काळ आला. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. खडी फोडायची, घमेली वाहायची, हजेरीच्या मस्टरवर अंगठा द्यायचा. पोरांना खायला सुकडी मिळायची. त्या पिढीतल्या बायाबापड्यांना विचारा, अजून हाताचे फोड आठवतात.

1975 च्या व्यवसाय कराने योजनेला हक्काचा पैसा दिला. मुंबईच्या पगारदाराच्या खिशातून माणच्या पाझर तलावाला पैसा, असं नातं जुळलं. रोजगार हमीचा 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागणीनंतर 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. बाईला पुरुषाइतकाच दर. कामाची दुसरी जागा मिळाल्यावर मजूर बागायतदाराशी मजुरीबद्दल बोलू लागला, हा परिणाम मी तलाव-बंधाऱ्यांइतकाच मोलाचा मानतो.

1988 मध्ये योजनेची मजुरी जवळपास दुप्पट झाली. ते रास्तच होतं. चूक पुढे झाली: कामं आखडली आणि मागणाऱ्याला थांबवलं जाऊ लागलं. हमी तिथेच सैल झाली. भत्ता तर क्वचितच कुणाच्या हाती पडला. 1990 पासून फळबाग लागवड या योजनेला जोडली गेली, तेव्हा योजना मजुराबरोबर शेतकऱ्याच्या बांधावरही पोचली.

2005 मध्ये देशाने कामाच्या हमीचा हा विचार कायद्यात घेतला. मात्र महाराष्ट्राच्या हमीला दिवसांची मर्यादा नव्हती. केंद्राच्या कायद्याने एका कुटुंबाला वर्षात 100 दिवसांचीच हमी दिली.