निसर्गोपचाराचे जनक गांधीजी?

यवतमाळ जिल्ह्यातलं बोरी अरब असो की पुणे, निसर्गोपचाराचा विषय निघाला की दोन गोष्टी ठासून सांगितल्या जातात. ही आपली प्राचीन विद्या, आणि गांधीजी तिचे जनक.

उपास आणि मातीचा लेप आपल्याकडे पूर्वापार आहेत, हे खरं. पण कटिस्नान आणि ओल्या चादरीचे उपचार युरोपातून आले. ग्रेफेनबर्गचा शेतकरी व्हिन्सेंट प्रीसनिट्झ (१७९९–१८५१) याने थंड पाण्याच्या उपचारांना नाव मिळवून दिलं. लाइपझिगच्या लुई कुने यांनी कटिस्नान लोकप्रिय केलं. सगळे रोग मुळात एकच, शरीरात साठलेल्या ‘विजातीय द्रव्या’मुळे होणारे, असं त्यांचं मत. हे मत विज्ञानाच्या कसोटीला उतरलेलं नाही. मातीची पट्टी गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना आडोल्फ जुस्ट या जर्मन लेखकाचं पुस्तक वाचून घेतली.

गांधीजी डॉक्टरांच्या विरोधात होते, हा तिसरा गैरसमज सर्वांत घातक. १९०२ साली मुंबईत गिरगावात राहत असताना त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला, मणिलालला, विषमज्वर झाला. डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचं सूप द्यायला सांगितलं. गांधीजींनी ते नाकारलं, पण नाडी आणि छाती तपासायला येत राहा, अशी विनंतीही केली. ताप १०४ वर गेला तेव्हा चादर भिजवून पिळली, मुलाला तीत गुंडाळलं, वर घोंगड्या घातल्या आणि डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. घाम फुटला, ताप उतरला. पुढे चाळीस दिवस पाणी घातलेलं दूध आणि फळांचा रस. मुलगा देवाच्या कृपेने वाचला, पाण्याने की पथ्य-शुश्रूषेने, हे कोण सांगणार, असं गांधीजींनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिलं. एवढा प्रामाणिकपणा आजच्या जाहिरातींत शोधूनही सापडत नाही.

उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम मात्र खरोखर गांधीजींचाच. मार्च १९४६ मध्ये आठवडाभर राहून त्यांनी तिथे रुग्ण तपासले. ते निघून गेल्यावर आश्रम उभा केला तो मणिभाई देसाईंनी, हयात खर्ची घालून.

उपास, आहार, ऊन यांनी अनेकांना बरं वाटतं; ते जरूर करा. पण ताप हटत नसेल, पोटात कळ थांबत नसेल, तर गांधीजींचं नाव सांगून दवाखाना टाळू नका. येरवड्याचे कैदी असताना, १२ जानेवारी १९२४ च्या रात्री, पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून त्यांनी स्वतः अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करून घेतली होती.