राउटरचा स्वतःचा पत्ता

आंबेगाव तालुक्याचे मूळ गाव आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. नाव मात्र राहिले. तालुक्याच्या नावाने पाठविलेला कागद आजही कचेरी जेथे आहे त्या घोडेगावी बिनचूक पोहोचतो. पत्ता जमिनीला न बांधता नावाला बांधण्याची हीच युक्ती इंटरनेट चालविणारेही वापरतात, आणि ती मला फार आवडली.

दूरसंचार आपल्या भागाला नवा नाही. नारायणगावजवळ आर्वी येथे 1972 साली उपग्रह भूकेंद्राचे उद्घाटन झाले. ते पुढे ज्या विदेश संचार निगमाकडे आले, त्यानेच 15 ऑगस्ट 1995 रोजी देशात इंटरनेट सर्वांस खुले केले. इंटरनेट म्हणजे अनेक संस्थांच्या जाळ्यांचे जाळे. कोणत्या जाळ्याकडे कोठून जावे, हे राउटर नावाची यंत्रे एकमेकांस सांगतात. त्यांच्या या बोलण्याचे नियम म्हणजे बीजीपी. हे नियम प्रथम 1989 साली प्रसिद्ध झाले.

समजा, एकाच संस्थेचा एक राउटर जुन्नरला व दुसरा घोडेगावला आहे. एक केबल थेट जुन्नर-घोडेगाव रस्त्याने, दुसरी नारायणगाव-मंचरवरून. राउटरला जितक्या केबली, तितकी तोंडे, आणि प्रत्येक तोंडाचा पत्ता वेगळा. बीजीपीचे संभाषण दोन ठरलेल्या पत्त्यांमध्ये चालते. ते थेट केबलीच्या पत्त्यांवर ठेवले आणि रस्तारुंदीकरणात जेसीबीने ती केबल तोडली, की ते तोंड बंद, पत्ता बंद, संभाषणही बंद! मंचरची वाट धडधाकट असूनही. मग शेजाऱ्याकडून कळलेल्या साऱ्या वाटा राउटर टाकून देतो. संपूर्ण इंटरनेटच्या वाटा आज नऊ लाखांहून अधिक आहेत. त्या पुन्हा शिकेपर्यंत शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवशी भरणाऱ्याच्या पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते.

लूपबॅक हे कोणत्याही केबलीला न जोडलेले, राउटरच्या पोटातले तोंड होय. यंत्र चालू आहे तोवर ते चालू. त्याच्या पत्त्यापर्यंतच्या वाटा ओएसपीएफसारखी अंतर्गत व्यवस्था शोधते. एक केबल तुटली तर ती थोड्याच वेळात दुसरी वाट दाखविते. शेजारी गप्प झाला तरी बीजीपी त्याची वाट पाहते. ही मुदत सहसा 90 किंवा 180 सेकंदांची असते. त्यामुळे संभाषण तुटतच नाही.

मात्र दोन्ही राउटरांनी आपली पत्रे लूपबॅकच्याच पत्त्यावरून धाडावीत, असे त्यांना मुद्दाम सांगावे लागते. नाहीतर अनोळखी पत्त्यावरचे पत्र म्हणून शेजारी ते नाकारतो. दोन निरनिराळ्या संस्थांमध्ये बीजीपी मुळात फक्त लगतच्या शेजाऱ्याशी बोलते; तेथे लूपबॅक वापरायचा तर ही अट सैल करावी लागते. एकच केबल असेल तर हा खटाटोप कशाला?

आणि लूपबॅक नवी वाट निर्माण करीत नाही. दोन्ही केबली एकाच चरात पुरल्या असतील तर जेसीबीचा एकच घाव पुरे. म्हणून दुसरी केबल खरोखर नारायणगाव-मंचरवरून गेली आहे की केवळ नकाशावर, हे आधी रस्त्यावर जाऊन पाहावे लागते.