झोकांडी आणि स्टॅगर

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

माझे वडील तेव्हा ७८ वर्षांचे होते. सदाशिव पेठेतल्या घरातून सकाळी सहाला निघायचे, सारसबागेला चक्कर मारून सातच्या आत चहाला हजर. एक दिवस ते परत आले ते जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून. म्हणाले, "आज पाय नीट पडत नाहीयेत." माझा भाचा इंग्लंडमध्ये डॉक्टर आहे. लहानपणापासून तिकडेच वाढलेला, मराठी समजतं पण जेवणाखाण्यापुरतं. म्हणून मी फोनवर त्याला इंग्रजीत सांगितलं, "आबा इज लिम्पिंग." त्यानं साहजिकच विचारलं, कुठला पाय? गुडघा सुजलाय का? गुडघेदुखी तर त्यांची जुनीच. मग शेक झाला, मलम झालं, सक्तीची विश्रांती झाली. यात दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी भाच्याचा चौकशीचा फोन आला, तेव्हा मी वैतागून मराठीतच बोललो. "अरे, लंगडत नाहीत रे ते. झोकांड्या जातात. एका अंगाला कलतात, भिंत धरून चालतात." त्याला झोकांडी हा शब्द ठाऊक नव्हता, पण भिंत समजली. क्षणभर तिकडून काही आवाज नाही. मग म्हणाला, "मामा, त्यांना हॉस्पिटलमध्ये न्या. आत्ता." लहान मेंदूचा रक्तपुरवठा एका ठिकाणी अडला होता.

मंडळी, मी ३१ वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. लिम्प म्हणजे लंगडणं, स्टॅगर म्हणजे झोकांड्या खाणं, हे मी शेकडो मुलांकडून घोकून घेतलं असेल. ऐन वेळी माझ्याच तोंडून चुकीचा शब्द गेला. त्यानंतर या शब्दांकडे मी जरा वेगळ्या नजरेनं पाहू लागलो.

इंग्रजीत धड न चालण्याला किती शब्द आहेत पाहा. पायाला दुखापत असली तर माणूस लिम्प करतो. दोन्ही पाय दुखत असले, किंवा बूट चावत असला, तर हॉबल. पाय न उचलता जमिनीवरून फरफटत नेले तर शफल. बदक चालतं ते वॉडल, आणि दिवस भरत आलेली बाई चालते तेही वॉडलच. मात्र तिच्यासमोर हा शब्द न वापरलेला बरा. मूल चालतं ते टॉडल, त्यावरून टॉडलर. म्हातारा चालतो ते टॉटर. आता पडतो की मग पडतो, असं चालणं. म्हणून सिंहासनं आणि सरकारंही टॉटर होतात. आपल्याकडे ती डळमळतात. ठेच लागून तोल गेला तर स्टम्बल. डोकं गरगरून, फटका बसून मागे गेला तर रील. आणि सिटी बसच्या ड्रायव्हरनं अचानक ब्रेक दाबल्यावर आपण सगळे एकदम पुढे जातो, ते लर्च. एखाद्याला ऐन वेळी तोंडघशी पाडण्याला इंग्रजीत 'लर्चमध्ये सोडणं' म्हणतात. त्याचा या हिसक्याशी काही संबंध नाही बरं का. तो शब्द एका जुन्या फ्रेंच खेळाच्या नावावरून आलेला आहे. स्पेलिंग तेवढं एक.

या सगळ्यांत थोरला म्हणजे स्टॅगर. जखमी माणूस स्टॅगर करतो, थकलेला करतो, ओझ्याखाली दबलेला करतो आणि प्यालेला तर करतोच. धक्कादायक बातमी ऐकूनही माणूस स्टॅगर होतो, जागचा न हलता. शिवाय चारशे मीटरच्या शर्यतीत धावपटू एका रेषेत उभे न करता पुढेमागे उभे करतात, त्याला स्टॅगर्ड स्टार्ट म्हणतात. कोविडच्या काळात ऑफिसांच्या वेळा स्टॅगर्ड करा, असं आपण रोज ऐकत होतो. झोकांडी खाणाऱ्याची पावलं एका रेषेत पडत नाहीत, एक इकडे आणि एक तिकडे पडतं. तोच अर्थ पुढे वेळापत्रकापर्यंत गेला.

आपली मराठी यात गरीब आहे असं कुणी समजू नये. लंगडणं, खुरडणं, लटपटणं, लडखडणं, अडखळणं, ठेचकाळणं, भेलकांडणं, डुलणं, झिंगणं, कोलमडणं. फेंगडं चालणं, पाय ओढत चालणं. आणि मुलाचं दुडूदुडू. फरक आहे तो शब्दांच्या संख्येत नाही, वाक्यात आहे.

वर्गात मी एक वाक्य फळ्यावर लिहायचो: 'ही स्टॅगर्ड टु द डोअर.' याचं मराठी करा. हुशार मुलगासुद्धा आधी लिहायचा, 'तो दारापर्यंत लडखडला.' शब्द बरोबर, पण असं मराठीत कुणी बोलत नाही. आपण म्हणतो, 'तो झोकांड्या खात दारापर्यंत गेला.' इंग्रजीत कसं चालला हे क्रियापदातच भरलेलं असतं आणि कुठे गेला ते टु, आउट, अक्रॉस असले चिमुकले शब्द सांगतात. मराठीत मुख्य क्रियापद गेला, आला, बाहेर पडला, वर चढला असं असतं आणि कसं ते 'खात', 'ओढत', 'डुलत' असं बाजूला येतं. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी जगातल्या भाषांची याच कसोटीवर विभागणी मांडली. म्हणून 'ही स्टॅगर्ड अक्रॉस द रोड' याचं 'तो रस्ता लडखडला' होत नाही. उलट बाजूनं आपली मुलं इंग्रजी लिहिताना 'ही वेंट टु द डोअर स्टॅगरिंग' असं लिहितात. व्याकरण चुकत नाही, पण वाक्यच लंगडतं.

दुसरा फरक मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीत स्टॅगर करणारा तो माणूस असतो. मराठीत बहुतेक वेळा माणूस कर्ता नसतोच. त्याचा तोल जातो. त्याचे पाय लटपटतात. पाऊल अडखळतं. त्याला झोकांडी जाते, ठेच लागते. दोष पायाचा, तोलाचा किंवा रस्त्यातल्या दगडाचा. मात्र 'झोकांड्या खाणं' म्हटलं की तो माणूस कर्ता होतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात लगेच बाटली येते. झोकांड्या जाणं आणि झोकांड्या खाणं यांत क्रियापद तेवढं वेगळं, पण पहिल्यात आपण धावून जातो आणि दुसऱ्यात बाजूला होतो.

वडिलांच्या बाबतीत तेच झालं होतं. नंतर ते सांगत होते, बागेच्या कोपऱ्यावर त्यांनी विजेच्या खांबाला धरलं, तेव्हा दोन तरुण मुलं बाजूनं गेली आणि एक जण हसून म्हणाला, "आजोबा, सकाळी सकाळीच?" आयुष्यभर सुपारीही न खाल्लेला माणूस. त्यांना आजारापेक्षा ते जास्त लागलं होतं.

कायद्यालाही हा प्रश्न पडलेला आहे. दारू पिऊन वाहन चालवल्याच्या किंवा अपघाताच्या प्रकरणात डॉक्टर आरोपीला तपासून लिहून देतात, त्यात 'गेट अनस्टेडी' हे शब्द हमखास असतात. गेट म्हणजे फाटक नव्हे, चाल. महाराष्ट्रातून गेलेल्या अशाच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७१ साली सांगितलं, की श्वासाला दारूचा वास येत होता, चाल अस्थिर होती, बोलणं असंबद्ध होतं आणि बाहुल्या विस्फारल्या होत्या, एवढ्यावरून तो माणूस प्यालेला होता असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी रक्ताची तपासणी हवी. आजच्या मोटार वाहन कायद्यातही १८५ कलमात मोजमाप आहे ते रक्तातल्या अल्कोहोलचं, १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त. पावलं कशी पडत होती याचं नाही.

डॉक्टर मंडळी मात्र पावलांकडे फार बारकाईनं पाहतात. रोगी दारातून खुर्चीपर्यंत येतो, तेवढ्यात त्यांची अर्धी तपासणी झालेली असते. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली लंडनमध्ये कंपवातावरचा आपला निबंध छापला. त्यात थरथरणाऱ्या हातांबरोबरच पुढे वाकून चालता चालता नकळत पळू लागणारी चालही टिपलेली आहे. कमरेचे स्नायू दुबळे झाले की बदकाची चाल, म्हणजे वॉडल. आपल्या विदर्भात दुष्काळात, गरिबीत महिनोन् महिने लाखोळीच्या डाळीवर पोट भरणाऱ्यांचे पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर पडायचे. डॉक्टर तिला कात्रीचीच चाल म्हणतात. लहान मेंदू बिघडला की पाय फाकवून, झोकांड्या जात चालणं. आणि ज्या बाजूला इजा, बहुधा त्याच बाजूला कल. डॉक्टरांच्या वहीत हे शब्द म्हणजे वर्णन नसतं, पत्ता असतो. लंगडणं म्हटलं की ते पायाकडे जातात आणि झोकांडी म्हटलं की डोक्याकडे.

अशा वेळी शब्दकोश काढावा, तर त्याचंही एक मोठं घराणं पुण्यात नांदलेलं आहे. मोल्सवर्थ साहेबांनी सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडी यांनी पुरा केला आणि तो १८४७ साली मुंबईत छापला गेला. विश्रामबागवाड्यातल्या संस्कृत पाठशाळेचा कारभार पाहणारे ते हेच कँडी. मराठीत विरामचिन्हं रूढ करण्याचं श्रेयही त्यांना देतात. विश्रामबागवाड्यावरून जाताना माझ्या मनात हटकून येतं, की स्टॅगर, टॉटर, रील या शब्दांपाशी हे गृहस्थ किती वेळ थबकले असतील. कोणा शास्त्रीबोवांना त्यांनी विचारलं असेल, की ताप आलेल्याची झोकांडी आणि ताडी प्यालेल्याची झोकांडी एकच का? कोशात शब्दापुढे शब्द ठेवता येतो. प्यालेला की आजारी, ते वाक्यालाच सांगावं लागतं.

आता घरात कुणाची चाल बिघडली आणि फोनवर सांगायची वेळ आली, तर शब्द शोधत बसू नका, हे माझं अनुभवाचं सांगणं. सरळ मराठीत चार गोष्टी सांगा. हे हळूहळू झालं की एकाएकी? पाय दुखतो का? एकाच बाजूला कलतात का, कुठल्या? बोलणं जड झालंय का, वस्तू दोन दिसतात का? दुखत काहीच नाही आणि तोल मात्र एकाएकी गेलाय, तर थांबू नका. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही दोन दिवस गुडघा शेकत बसलो होतो.

वडील बचावले. डावीकडचा कल राहिला, हातात काठी आली, सारसबाग सुटली. व्यायाम शिकवणाऱ्या बाई त्यांना जमिनीवर खडूची रेघ मारून द्यायच्या आणि ते तिच्यावरून चालायचे; सुरुवातीला माझा हात धरून, मग भिंतीच्या आधारानं. पुढच्या दिवाळीत भाचा आला, तेव्हा तो दारात उभा राहून कितीतरी वेळ त्यांच्या पायांकडेच पाहत होता. मी त्याला विचारलं, त्या दिवशी मी इंग्रजीत नेमकं काय म्हणायला हवं होतं? स्टॅगर म्हणायला हवं होतं का?

तो म्हणाला, "मामा, स्टॅगर म्हणाला असतात, तर मी आधी विचारलं असतं, आबा काही प्यायलेत का, नवीन औषध सुरू केलंय का? तुम्ही म्हणायचं, ही कीप्स व्हिअरिंग टु द लेफ्ट."

व्हिअर. चालता चालता एका बाजूला ओढलं जाणं. ३१ वर्षं मुलांना दिलेल्या माझ्या यादीत हा शब्द नव्हता.