पावसाचे संदेश : कोणते वाचावेत, कसे वाचावेत

पावसाळ्यात मोबाइलवर येणाऱ्या संदेशांवर अनेकांचा दिवस ठरतो. मुलांना शाळेत पाठवायचे का, लोकल धरायची का, फवारणी आज उरकायची की उद्यावर टाकायची. म्हणून हे संदेश कुठून घेतो, याला महत्त्व आहे.

मूळ खाते गाठा

हवामान विभागाची पुणे व मुंबई येथील कार्यालये, आपली महापालिका, जिल्हा माहिती कार्यालय, रेल्वे आणि वाहतूक पोलीस यांची ‘एक्स’वर अधिकृत खाती आहेत. त्यातली आपल्या कामाची चार-पाच निवडून त्यांच्या सूचना चालू ठेवाव्यात. माझ्या मते एवढी पुरेशी आहेत; पन्नास गटांत राहून गोंधळ तेवढा वाढतो. गटात आलेला इशाराही मूळ खात्यावर जाऊन पाहावा. वीज पडण्याच्या पूर्वसूचनेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असायला हवे.

इशारा नीट वाचा

पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा. रंगासोबत जिल्हा, तारीख आणि मुदत पाहिलीच पाहिजे. ‘नाउकास्ट’ हा अंदाज पुढच्या साधारण तीन तासांपुरता असतो. सकाळचा नाउकास्ट संध्याकाळी पुढे पाठवला तर तो दिशाभूल करतो. पुणे, सातारा, कोल्हापूरच्या घाटमाथ्यासाठी अनेकदा वेगळा इशारा असतो, तो शहरालाही लागू आहे असे समजू नये.

आकडेही असेच. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून ‘मुसळधार’ आणि 204.4 च्या पुढे ‘अत्यंत मुसळधार’ पाऊस धरला जातो. ही मोजणी सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ अशी असते. ठिकाणाचा फरक तर फार मोठा पडतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्यात शंभर मिलिमीटरही झाला नव्हता. ‘मुंबईत इतका पाऊस’ एवढेच सांगणारा संदेश म्हणूनच अपुरा असतो.

पुढे पाठवण्याआधी

दरवर्षी जुने पुराचे व्हिडिओ नव्याने फिरतात. व्हिडिओतले एक दृश्य ‘गुगल लेन्स’मध्ये टाकले, तर ते आधी कुठे प्रसिद्ध झाले हे बहुधा कळते. व्हॉट्सॲपवर संदेशाच्या वर दुहेरी बाण दिसला, तर तो अनेक हातांतून फिरून आला आहे. असा संदेश 2020 पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

ही काळजी फक्त पावसापुरती नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. ते भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. त्या काळात अशा अफवा व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोहोचत होत्या.

मदत हवी असेल तेव्हा

पाणी घरात शिरले, झाड पडले, कोणी अडकले, तर पोस्ट टाकून उत्तराची वाट पाहू नका. मुंबईत महापालिकेचा 1916, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 आणि कुठूनही 112 हे क्रमांक आहेत. ते आजच फोनमध्ये जतन करा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्येही घालून द्या.