कोडिंग जमत नाही? मग २००१ सालचा हा निकाल बघाच
पहिलं वर्ष संपतं, पेपरही सुटतो. पण कोरी स्क्रीन समोर आली की साधा प्रोग्राम लिहिता येत नाही. मग पोरं ठरवून टाकतात, आपलं डोकंच कोडिंगचं नाही.

पण दोष खरंच डोक्याचा असतो का? याचं उत्तर एका आंतरराष्ट्रीय परिषदेत सापडतं.

तिचं नाव आयटीआयसीएसई. कम्प्युटर सायन्स शिकवायचं कसं, यावर इथं चर्चा होते. पहिली परिषद १९९६ साली बार्सिलोनात भरली. इथली खासियत म्हणजे वर्किंग ग्रुप. वेगवेगळ्या देशांतले शिक्षक एकच प्रश्न घेतात आणि मिळून अहवाल लिहितात.

२००१ साली अशाच एका ग्रुपने चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना कॅल्क्युलेटरसारखे प्रोग्राम लिहायला लावले. सरासरी मार्क किती? ११० पैकी फक्त २२.८९!

पोरांना विचारच करता येत नाही, असं अनेकांनी म्हटलं. २००४ साली लीड्सच्या परिषदेत दुसऱ्या ग्रुपने वेगळी शंका तपासली. सात देशांतल्या विद्यार्थ्यांना त्यांनी कोड लिहायला नाही, वाचायला दिला. तर तयार कोडचं उत्तर काय येईल, हेही अनेकांना नीट सांगता येईना. म्हणजे घोडं लिहिण्याच्या आधीच, वाचण्यात अडलं होतं.

म्हणून कोडिंग सोडण्याआधी एवढं करा. एखादा छोटा प्रोग्राम घ्या, प्रत्येक ओळीनंतर कुठल्या व्हेरिएबलची किंमत किती झाली ते कागदावर लिहा. जिथं चुकेल, तिथूनच शिकायला सुरुवात करा.